कळ कुणाच्या हाती

छायाचित्रण शिकणाऱ्या एका शिष्यावर एकदा अशी वेळ आली की, कॅमेऱ्याच्या दोन कळांपैकी कोणती उचलावी एवढ्याशा प्रश्नाने त्याच्या तोंडची चव गेली.

शिष्याचे नाव निरंजन. त्याचे गुरू नाना. नदीकाठच्या एका जुन्या गावात नानांचा स्टुडिओ होता आणि गावातल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर त्यांनी काढलेले फोटो होते. आता त्यांचे हात थरथरत. म्हणून कॅमेरा निरंजन चालवी आणि नाना खुर्चीत बसून पाहत. नाना बोलत कमी. चूक झाली तर ते रागावत नसत, नुसतेच त्या फोटोकडे बराच वेळ पाहत राहत. निरंजनला त्या पाहण्याचीच धास्ती वाटे.

माणसांचे फोटो नाना नेहमी खिडकीच्या उजेडात काढायला लावत. त्या मंद उजेडात कॅमेऱ्याची झडप सावकाश उघडते आणि सावकाश मिटते. अशा वेळी कॅमेऱ्यावरचे बटण बोटाने दाबले की कॅमेरा किंचित हलतो आणि डोळ्यांच्या कडा पुसट होतात. म्हणून थोडे दूर राहून दाबायची वेगळी कळ वापरतात. नानांच्या कपाटात अशा दोन कळा होत्या. एक वायरची, कॅमेऱ्यात खोचायची आणि लांब वायरीच्या टोकाचे बटण हातात धरायची. दुसरी बिनतारी, मुठीत मावेल एवढी. तिचा जोडीदार एक छोटा डबा कॅमेऱ्यावर बसे आणि कळ दाबली की तिच्यावरचा हिरवा दिवा लुकलुके.

एका संध्याकाळी स्टुडिओत फोन आला. फोन दळवीबाईंचा होता. गावात कर्णबधिर मुलांची एक लहान शाळा होती, तिथे त्या शिकवत. बाईंच्या जबड्यात डाव्या बाजूला गाठ निघाली होती. परवा शहरातल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया होती आणि जबड्याच्या हाडाचा काही भाग काढावा लागणार होता. उद्या दुपारच्या गाडीने निघायचे, त्याआधी सकाळी एक फोटो काढून हवा, असे त्या म्हणाल्या. आवाज शांत होता. फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "मला माझा आत्ताचा चेहरा हवाय."

निरंजनने फोन ठेवला. फोटो बिघडला तर लोक पुन्हा येतात, पुन्हा बसतात. या फोटोला पुन्हा नव्हते. परवानंतर तो चेहराच राहणार नव्हता.

तेव्हापासून त्या दोन कळा त्याच्या डोक्यात शिरल्या. बिनतारी कळीने त्याला एकदा तोंडघशी पाडले होते. एका लग्नात नेमकी माळ गळ्यात पडताना दिवा लुकलुकला आणि कॅमेरा मात्र गप्प राहिला. का, ते शेवटपर्यंत कळले नाही. वायरच्या कळीचे दुखणे वेगळे. एका साखरपुड्यात वायर त्याच्याच पायात अडकली आणि ट्रायपॉडसकट कॅमेरा कलंडला होता. एकीवर विश्वास टाकावा तर ती न सांगता गप्प होणार, दुसरीवर टाकावा तर ती पायात येणार. त्याने दोन्ही काढून टेबलावर ठेवल्या. बिनतारीत नव्या बॅटऱ्या घातल्या, वायरीचे टोक पुसले. रिकाम्या खुर्चीचे फोटो काढून पाहिले, आधी एकीने, मग दुसरीने. दोन्हींचे फोटो चांगले आले आणि त्यामुळे त्याची चिंता आणखी वाढली, कारण कोणतीच टाकून देता येईना.

मनातून त्याचा कल बिनतारीकडे होता. ती असली की कॅमेऱ्याला चिकटून राहावे लागत नाही. दाराशी, पडद्याच्या आड, बाईंच्या नजरेपासून दूर उभे राहता येते. हे शेवटचे कारण त्याने स्वतःलाही मोठ्याने सांगितले नाही.

अखेर त्याने नानांना विचारले. कोणती कळ हमखास चालेल, कोणती दगा देणार नाही, तुम्ही असता तर कोणती घेतली असती, असे तेच तेच त्याने फिरवून फिरवून विचारले. नानांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाई आल्या की बघू."

या उत्तराने त्याला धीर आला नाही. घरी जेवताना आईने भाजी वाढली ती त्याने पानात तशीच ठेवली. उद्या सकाळी ढग आले तर, बाई रडल्या तर, बाईंच्या चेहऱ्यावर सूज असली आणि फोटोत दिसली तर, ती दिसू नये म्हणून त्यांना कोणत्या बाजूने बसवावे आणि तसे त्यांना सांगावे तरी कसे, असे एकातून एक निघत राहिले.

सकाळी ढग होतेच. उजेड मवाळ, पण कमी होता. निरंजनने खुर्ची खिडकीपाशी सरकवली, मागे राखाडी पडदा लावला, कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला आणि झडप आणखी सावकाश ठेवली. बिनतारी कळीचा डबा कॅमेऱ्यावर बसवून झाला तोच बाई आल्या.

दळवीबाई पन्नाशीच्या असतील. अबोली रंगाची सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, खांद्याला कापडी पिशवी. डावा गाल खाली जरासा फुगलेला होता. निरंजनने त्यांना नमस्कार केला आणि लगेच खुर्ची पुसायला घेतली, ती मुळात स्वच्छच होती. बाई बसल्यावर त्याने त्यांना चेहरा थोडा डावीकडे वळवायला सांगितला. बाईंनी निमूट वळवला. मग त्याने आणखी थोडा वळवायला सांगितला. बाईंनी तोही वळवला.

नाना आपल्या खुर्चीतून हे पाहत होते. ते उठले. कॅमेऱ्यापाशी येऊन त्यांनी वरचा डबा थरथरत्या हातांनी काढला आणि निरंजनच्या हाती दिला. कपाटातून वायरची कळ आणून तिचे टोक त्यांनी कॅमेऱ्यात खोचले. निरंजनला वाटले, ठरले तर, नानांनी वायरची निवडली. त्याने बटण घ्यायला हात पुढे केला.

पण नाना वायर सोडत सोडत त्याच्या पुढून गेले. खुर्चीच्या मागून त्यांनी ती बाईंच्या पदराखाली नेली आणि बटण बाईंच्या मांडीवरच्या हातात ठेवले.

"बाई, हे बटण तुमच्याकडे. तुम्हाला वाटेल तेव्हा दाबा, वाटेल तितक्यांदा. मान कुठे वळवायची तेही तुम्हीच ठरवा."

मग त्यांनी कॅमेऱ्याला लागूनच एक बुटके स्टूल ठेवले, निरंजनला त्यावर बसायची खूण केली, बाईंशी बोल म्हणाले, आणि स्वतः बाहेरच्या खोलीत जाऊन मधला पडदा ओढून घेतला.

निरंजन स्टुलावर बसला आणि त्याला आपल्या रिकाम्या हातांचे काय करावे ते कळेना. त्याने ते गुडघ्यांवर ठेवले. आजवर समोर कुणी बसले की त्याच्या हातात काहीतरी असे आणि डोळ्यासमोर कॅमेरा असे. आता मध्ये काहीच नव्हते. बाई हातभर अंतरावर होत्या. बाईंना कळ दाबायचा क्षण कसा कळणार? हसू फुटायच्या आधी दाबली तर? डोळे मिटले तर? ज्यांनी कधी कॅमेरा धरला नाही त्यांच्या हाती हा एकमेव फोटो नानांनी कसा काय सोपवला? म्हातारपणाने नानांचा विचार डळमळला की काय, अशीही एक शंका त्याच्या मनात आली आणि तिची त्याला लाज वाटली.

काहीतरी बोलायला हवे म्हणून त्याने शाळेविषयी विचारले. बाई सांगू लागल्या. मुले लहान आहेत, श्रवणयंत्र लावूनही बऱ्याच जणांना आवाज नुसता गोंगाटासारखा येतो. म्हणून ती ओठांवरून शब्द वाचायला शिकतात. बाई एक शब्द ओठांवर धरून ठेवतात, मुले तो पाहतात, मग आपल्या तोंडाने करून बघतात. काही मुलांना एक शब्द यायला महिनेच्या महिने जातात.

निरंजन मान डोलावत होता. बाई बोलता बोलता थांबल्या.

"तुम्ही मघापासून माझ्या कपाळाकडे बघताय," त्या म्हणाल्या.

निरंजनच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"हल्ली सगळे तसंच करतात. माझे यजमानसुद्धा. सुजेकडे नजर जाऊ नये म्हणून कपाळाकडे नाहीतर खांद्याकडे बघून बोलतात. डॉक्टर बघतात, पण ते हनुवटी धरून तोंड इकडे करतात, तिकडे करतात, एकमेकांना दाखवतात. चांगली माणसं आहेत. पण विचारत नाहीत." त्यांनी मांडीवरचे बटण बोटाने चाचपले. "माझी मुलं तेवढी अजून तोंडाकडे बघतात. त्यांना दुसरीकडे बघून चालतच नाही."

तेव्हा निरंजनने पहिल्यांदा बाईंच्या तोंडाकडे पाहिले. गाल फुगलेला होता, खालचा ओठ डावीकडे किंचित ओढलेला होता. पाहिल्यावर त्याला जाणवले की कालपासून आपण ज्याला भीत होतो ते एवढेच होते. भीती गेली नाही, पण तिला आकार आला.

बाई पुन्हा सांगू लागल्या, एका मुलीविषयी. ती आली तेव्हा कुणाकडे पाहायचीच नाही, भिंतीकडे तोंड करून बसायची. सांगता सांगता बाई खिडकीकडे वळल्या. बाहेर ढग थोडे पातळ झाले असावेत, कारण त्यांच्या चेहऱ्यावर एकाएकी फार सुंदर उजेड उतरला. ओठ मिटलेले, डोळे निवांत, सूज सावलीत गेलेली. निरंजनने आयुष्यात पाहिलेल्या चांगल्या फोटोंपैकी एक त्याच्या समोर तयार होऊन बसला होता. बाईंचा अंगठा मात्र बटणावर स्वस्थ होता.

कॅमेरा निरंजनच्या खांद्याला लागून होता. त्यावरचे बटण बोटाने दाबले तर फार तर किंचित हलेल, पण निदान एक फोटो हाती राहील. बाईंना कळणारही नाही. त्याचा हात उचलला गेला, बोट बटणावर टेकले. उजेड कोणत्याही क्षणी जाणार होता. बाईंची गाडी दुपारची होती. आणि त्याच क्षणी त्याच्या मनात आले की, बाईंना न विचारता त्यांच्या चेहऱ्याचे काहीतरी ठरवणारा आणखी एक हात आता तयार झाला आहे, आणि तो आपला आहे.

त्याने बोट काढून घेतले. हात परत गुडघ्यावर ठेवला. उजेड हळूहळू उतरला आणि गेला.

बाई वळल्या. त्यांनी खुर्चीत बैठक सावरली, मान सरळ केली आणि सुजलेला गाल न लपवता निरंजनकडे समोरासमोर पाहिले. दारात कुणीतरी आले आहे असे त्यांचे डोळे झाले. मग ओठ ताणले गेले, तोंड उघडले आणि तसेच उघडे राहिले. आवाज आला नाही. झडप उघडल्याचा आणि सावकाश मिटल्याचा आवाज तेवढा आला.

पुन्हा तसेच झाले. आणि पुन्हा. दर वेळी तोंड उघडे आणि दर वेळी बाई नेमक्या तेव्हाच अंगठा दाबत होत्या. निरंजनला राहवेना. बाईंना कोण सांगणार की बोलताना फोटो काढायचा नसतो, तोंड वाकडे येते? ओठ मिटा आणि मग दाबा, हे शब्द त्याच्या जिभेच्या टोकावर आले. ते त्याने गिळले, पण गिळताना आपण बरोबर करतो आहोत असे त्याला मुळीच वाटत नव्हते.

थोड्या वेळाने बाईंनी बटण मांडीवर ठेवले आणि झाले म्हणाल्या.

निरंजनने नानांना हाक मारली. नाना आत आले. कॅमेऱ्यातले फोटो त्याने संगणकाच्या मोठ्या पडद्यावर लावले आणि मान खाली घातली. एकूण एक फोटोत बाईंचे तोंड उघडे होते. ओठ एका बाजूला ओढलेला, गालाची सूज स्पष्ट, दात दिसणारे. बाई खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेल्या. एकेक फोटो त्यांनी नीट पाहिला. एकापाशी थांबल्या.

"हा. असाच हवा होता."

निरंजन बावरला. अखेर त्याने धीर करून विचारले की या फोटोत बाई काय म्हणत आहेत.

"या," बाई म्हणाल्या. "रोज सकाळी वर्गाच्या दारात उभी राहून मी मुलांना एवढंच म्हणते. या. सगळ्यांना सगळ्यात आधी हाच शब्द येतो. मी परत येईन तेव्हा तोंड असं उघडेल की नाही, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. गप्प बसलेल्या बाईंचा फोटो मुलांनी काय ओळखायचा? मला ती फक्त बोलताना ओळखतात."

फोटो मोठा करून ठेवा, वर्गातच लावायचा आहे, असे सांगून त्या पिशवी खांद्याला लावून निघाल्या. नाना त्यांना पायरीपर्यंत सोडायला गेले.

परत आले तेव्हा निरंजन वायर गुंडाळत होता. त्याने नानांना सांगितले की आपण मध्येच कॅमेऱ्याला हात घातला होता, आणि आपल्या हाती कळ असती तर हा फोटो आलाच नसता. आपण ओठ मिटायची वाट पाहिली असती. तुम्हाला हे आधी ठाऊक होते का, असे त्याने विचारले.

"नाही," नाना म्हणाले. "त्या काय करतील ते मला कुठून ठाऊक असणार? मला एवढंच दिसलं की तू त्यांना मान वळवायला सांगितलीस आणि त्यांनी ती अशी वळवली, जशी दवाखान्यात वळवत असतील. उद्यापासून त्या चेहऱ्यावर दुसऱ्यांचेच हात. भलं करणारे हात, पण दुसऱ्यांचे. कालपासून तू मला विचारत होतास, कोणती कळ दगा देणार नाही. दोन्ही देतात कधी ना कधी. कळ कुणाच्या हातात द्यायची, हे मात्र तू एकदाही विचारलं नाहीस. ते ठरलं असतं तर कोणती घ्यायची ते आपोआप ठरलं असतं."

"मग वायरचीच का? बिनतारी त्यांच्या मुठीत लपली असती."

"लपली असती. पण ती नीट दाबली गेली की नाही हे हिरव्या दिव्याकडे बघून कळतं. त्यांनी दिव्याकडे बघायचं, की समोर? वायरचं बटण बोटाला कळतं. दुसऱ्या कुणाला खोलीत एकटंच बसायचं असतं, चालायचं-फिरायचं असतं, तर मी बिनतारी दिली असती. आणि तुझ्यासाठीही एक कारण होतं. ती तुझ्या खिशात असती तर तू दारापाशी जाऊन उभा राहिला असतास."

निरंजनने गुंडाळलेली वायर कपाटात ठेवली. ते खरे होते.

शस्त्रक्रिया लांबली, पण झाली. त्यानंतर कितीतरी दिवस बाईंना नळीतून अन्न द्यावे लागले. गावात बातम्या येत, कधी बऱ्या, कधी काळजीच्या. निरंजनने फोटो मोठा केला, साध्या लाकडी चौकटीत बसवला आणि शाळेत जाऊन वर्गाच्या दाराशेजारी लावून आला. आधी तो मोठ्या माणसाच्या नजरेला येईल असा टांगणार होता. मग गुडघ्यावर बसून त्याने उंची पाहिली आणि खिळा बराच खाली ठोकला. मुले रोज त्याच्या समोरून जात. काही जण थांबून त्या तोंडासारखे तोंड करून पाहत, असे शाळेतल्या दुसऱ्या बाईंनी त्याला सांगितले.

बाई परत रुजू होणार त्या दिवशी निरंजन चौकटीची सैल झालेली काच बसवायच्या निमित्ताने सकाळीच शाळेत गेला. निमित्त खरे होते, पण त्याला घरी बसवत नव्हते. बाई आल्या. बऱ्याच वाळल्या होत्या. गालाची एक बाजू आत गेली होती, हनुवटी तिरकी झाली होती, जबड्याखाली लांब व्रण होता. त्या दारात, फोटोच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि पदराचे टोक बोटांभोवती गुंडाळत राहिल्या. निरंजनने त्यांना असे घाबरलेले पाहिले नव्हते.

मुले आली आणि पायरीवर थबकली. कुणी पुढे येईना. बाईंनी तोंड उघडले. ते अर्धेच उघडले, एकीकडे ओढले गेले, आणि त्यातून उमटलेला आकार जुन्या शब्दाचा नव्हता. मुलांनी एकमेकांकडे पाहिले. एका लहानग्याने तोंड फिरवले. बाईंनी पुन्हा प्रयत्न केला. त्यांच्या कपाळावर घाम आला.

मग मुलांतली एक मुलगी पुढे झाली. तिने भिंतीवरच्या फोटोतल्या तोंडाकडे पाहिले, मग बाईंच्या तोंडाकडे. पुन्हा फोटोकडे, पुन्हा बाईंकडे. दोन्ही तोंडे ताडून पाहायला तिला बराच वेळ लागला आणि बाई तोवर हलल्या नाहीत, तोंड मिटले नाही. मुलीने हात वर करून बाईंच्या हनुवटीला बोट लावले. स्वतःचे ओठ तसेच एका बाजूला ओढून तिने तो नवा 'या' एकदा आपल्या तोंडात करून पाहिला.

आणि आत आली. तिच्यामागून बाकीची आली. मुलगी आपल्या जागेवर बसली आणि पुढचा शब्द कोणता येतो म्हणून बाईंच्या ओठांकडे पाहू लागली. दाराशी काच धरून उभा असलेला निरंजनही तिकडेच पाहत होता.